मधला

प्रेसच्या कँटीनमध्ये परवा आमोस पगारेला
शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं.
घड्याळ अर्धा तास मागे, ते तिथेच कळलं.
साहेब कागद बघून म्हणाले,
एकवीस वर्षं टीममध्ये, गोल चार.
मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी उठलो नाही. उठायला हवं होतं.
माझ्या नावावर एकशे अठरा आहेत,
कात्रणांची वही आहे,
देवळालीच्या तोफखान्याविरुद्धचा माझा हवेतला फोटो आहे
आणि फोटोच्या डाव्या कडेला
अर्धा कापला गेलेला एक गुडघा, पट्टी बांधलेला.
तो आमोस.

शरणपूरचा पोरगा. बाप चर्चची घंटा ओढायचा.
स्पोर्ट्स कोट्यातून आम्ही एकाच दिवशी लागलो,
दुपारपर्यंत कागद मोजायचे, भोंगा झाला की मैदान.
मोजणीत त्याचा हात कधी चुकला नाही.
शंभर तावांची गड्डी, अंगठ्यानं फर्रर्र,
एक ताव कमी असला तर आवाजावरून सांगायचा.
मैदानातही तसंच. मान वर न करता
त्याला ठाऊक असायचं, कोण कुठे कमी आहे.

म्हणजे नक्की करायचा काय?
पोरं विचारतात. मला नीट सांगता येत नाही.
बॉल हरवला की तो तिथे असायचा,
बॉल मिळाला की तिथून गेलेला असायचा.
मनमाडच्या रेल्वेवाल्यांचा तो बॅक, रेड्यासारखा,
त्याच्या अंगावर हा जाऊन आदळायचा
आणि पडता पडता बॉल माझ्या पायात,
"घे हेम्या, आता तरी मार."
मी मारायचो. लोक मला खांद्यावर घ्यायचे.
तोवर हा ढोपराचा चुना झटकत
मधल्या वर्तुळात परत.

गुडघा गेला भुसावळला.
जानेवारी, धुकं, दगडासारखी जमीन.
आवाज मला गोलपाशी ऐकू आला,
सुकी फांदी मोडते तसा.
सात महिन्यांनी आला, एक पाय जमिनीला विचारून टाकत.
त्यानंतर नऊ वर्षं खेळला.
नऊ. हे साहेबांच्या कागदावर नव्हतं.

काल त्याच्या घरी गेलो.
मुलगी नर्स आहे मेलबर्नला,
तिनं पार्सलनं एक बॉल पाठवलाय, लाल, चामड्याचा,
दोन्ही टोकांना धरून कुणी ओढल्यासारखा लांबट.
सोबत चिठ्ठी:
पप्पा, इथे मधे खेळणाऱ्याचा हात लागला तरी मोजतात,
त्यासाठी पगारी माणसं बसवलेली असतात.
किती उचलले, कुणाला दिले,
किती वेळा अंगावर घेतलं, किती किलोमीटर पळाला.
खेळ सोडला की सगळं वाचून दाखवतात.

मी म्हटलं, तुझे किती झाले असते रे?
म्हणाला, चहा घे, गार होतोय.

मग जेल रोडच्या मागच्या पटांगणात गेलो,
दोन म्हातारे आणि तो बॉल.
टप्पा पडला की भलतीकडेच उधळतो,
दावं तुटलेल्या करडासारखा.
मी तीनदा धावलो, तीनदा फसलो,
कंपाउंडवरची पोरं खिदळली.
आमोस हललाच नाही. नुसता बघत राहिला.
चौथ्यांदा दोन पावलं टाकली, त्याच दुखऱ्या पायानं,
साफ उलट्या दिशेला,
आणि बॉल वळून
त्याच्या पोटाशी येऊन बसला.

मी मनात म्हटलं, एक.
मान वर न करता त्यानं माझ्याकडे टोलवला.
दोन.

एकेचाळीसपर्यंत आलो होतो.
तेवढ्यात प्रेसचा भोंगा झाला, सवयीनं आम्ही दोघंही वळलो
आणि माझा आकडा गेला.